बिऱ्हाडातून पडद्याकडे

कापसाचा पैसा हाती खेळू लागला की मुंबई-पुण्याकडच्या नाटकमंडळ्यांना वऱ्हाडची आठवण होई. बडनेऱ्यास गाडी बदलून त्यांच्या पेट्या, पडदे, भांडीकुंडी, आचारी आणि नटमंडळी अमरावतीस उतरत, एखाद्या ऐसपैस वाड्यात कंपनीचे बिऱ्हाड पडे, आणि मग भातकुलीसारख्या आसपासच्या गावांतून सायंकाळी बैलगाड्या जुंपल्या जात. परंतु वऱ्हाडने मराठी रंगभूमीला केवळ तिकिटाचे पैसे पुरवले असे मानणे अन्यायाचे होईल. 1905 साली मुंबईस भरलेल्या पहिल्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांकडे आले होते; अकोला, खामगाव, जळगाव-जामोद येथे वकिली करता करता श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी आपली नाटके लिहिली; आणि अमरावतीच्याच वीर वामनराव जोश्यांच्या 'राक्षसी महत्त्वाकांक्षा'मध्ये केशवराव भोसल्यांनी, तर 'रणदुंदुभी'मध्ये दीनानाथ मंगेशकरांनी आपल्या गळ्याने प्रेक्षागृहे भारून टाकली. कोल्हटकरांच्या 1901 सालच्या 'मूकनायक' नाटकात नायक मुकेपणाचे सोंग घेतो. मराठी मूकपट जन्मास येण्याच्या एक तपभर आधी वऱ्हाडच्या एका वकिलाने रंगमंचावर मुका नायक आणावा, हा योगायोग मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे.

पुढे खरोखरीचे मुके नायक आले तेव्हा ते या नाटकमंडळ्यांतूनच आले, असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो खोटाही नाही. मात्र मंडळीतला नेमका कोण गेला आणि कोण जागचा हलला नाही, याचा हिशेब मांडू लागले की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते : ज्यांच्या नावावर नाटकगृहे भरत त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीही मूकपटाच्या वाटेला गेले नाही, आणि ज्यांना रंगभूमीने मागच्या रांगेत, रंगपटात किंवा दाराबाहेरच ठेवले होते त्यांनी मूकपट उभा केला.

दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' 18 मे 1912 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, तो रामराव कीर्तिकरांच्या नाटकाचा कॅमेऱ्यासमोर झालेला प्रयोग होता. यंत्र एका जागी रोवलेले आणि नट नाटकात वावरत तसेच त्याच्यासमोर वावरलेले, अशी ती रचना असल्यामुळे कित्येक अभ्यासक त्यास चित्रपट म्हणावयास कचरतात. मला तो वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही; नाटक पडद्यावर नेणे म्हणजे ते उचलून तसेच्या तसे ठेवणे, ही पहिली कल्पना सर्वत्र अशीच होती आणि अमेरिकेतही याहून निराळे काही घडले नव्हते.

दादासाहेब फाळक्यांचा उद्योग याहून फार वेगळा. लंडनहून कॅमेरा घेऊन आलेल्या या गृहस्थाने 'राजा हरिश्चंद्र'साठी वर्तमानपत्रांतून नटांची मागणी केली, परंतु त्या वेळी चित्रपटात काम करणे हे नाटकात काम करण्याहूनही हलके समजले जाई, आणि नाटकाची तरी इभ्रत केवढी होती हे सांगावयास नको. म्हणून फाळके आपल्या माणसांना सांगत, की कोणी विचारलेच तर हरिश्चंद्र नावाच्या गृहस्थाच्या कारखान्यात नोकरीस आहोत असे सांगा. दत्तात्रय दामोदर दाबके हे नाटकात काम केलेले नट हरिश्चंद्र झाले, गजानन वासुदेव साने हे दुसरे नट विश्वामित्र झाले. तारामतीसाठी स्त्री मिळावी म्हणून फाळक्यांनी कुंटणखान्यांपर्यंत खटपट केली. तेथेही नकार मिळाल्यावर ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात स्वयंपाक करणारा, नाजूक हातापायांचा अण्णा साळुंके त्यांच्या दृष्टीस पडला. त्यास तेथे दरमहा दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा देऊ केले. मिशी काढण्याचा प्रश्न उपस्थित झाला, तोही बऱ्याच विनवण्यांनंतर सुटला. 3 मे 1913 रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला, तेव्हा भारतीय पडद्यावरची पहिली राणी ही अशी पाच रुपयांच्या पगारवाढीवर आलेली होती.

याच वर्षाच्या जुलैत बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. पुरुषाने स्त्रीची भूमिका करणे या कलेचा परमोत्कर्ष रंगभूमीवर याच काळात होत होता आणि त्या कलेतला अत्यंत प्राथमिक, अनघड नमुना त्याच सुमारास पडद्यावर येत होता. परंतु बालगंधर्वांनी तारामती करावी असे फाळक्यांनाही कधी सुचले नसावे. ज्याची सारी मोहिनी स्वरात आहे त्यास मुक्या पडद्यावर उभे करणे म्हणजे सराफाच्या पेढीवर रिकामी तिजोरी मांडण्यासारखे झाले असते. संगीत नाटकाच्या नटाची कीर्ती, त्याचा मान, त्याची कमाई, इतकेच काय त्याच्या प्रेक्षकाचे येणेही पदांवर आणि 'वन्स मोअर'वर अवलंबून होते. ते सर्व वजा केल्यावर पडद्यावर उरणारी सावली त्याचीच आहे हे ओळखण्यासदेखील पाटी वाचावी लागली असती.

परंतु केवळ गळ्याचे कारण सांगून भागत नाही, आणि येथे अमेरिकेचा दाखला उपयोगी पडतो. तेथे 1912 साली ॲडॉल्फ झुकोर याने प्रसिद्ध नट प्रसिद्ध नाटकांत दाखवावयाचे, असा संकल्प करून कंपनीच काढली. सारा बर्नहार्ट या फ्रेंच नटीचा 'क्वीन एलिझाबेथ' त्याने आणून दाखवला. 'मॉन्टे क्रिस्टो'ची भूमिका रंगभूमीवर हयातभर करीत आलेला जेम्स ओनील, पुढे नाटककार म्हणून जगप्रसिद्ध झालेल्या युजीन ओनीलचा हा पिता, झुकोरने 1913 साली त्याच भूमिकेत कॅमेऱ्यासमोर आणला. 1916 सालच्या 'मॅकबेथ'साठी तर इंग्लंडचा हर्बर्ट बीरबोम ट्री मोठ्या मोबदल्यावर कॅलिफोर्नियास नेण्यात आला आणि ते चित्र साफ पडले. मेट्रोपॉलिटन ऑपेराची गायिका जेराल्डिन फॅरार हिने मात्र 1915 साली स्वर न काढता 'कार्मेन' यशस्वी करून दाखवली. म्हणजे गळा हीच ज्याची दौलत तो मुक्या पडद्यावर टिकूच शकत नाही, असा काही निसर्गनियम नव्हता. आमच्या गायकनटांचे अडले ते आणखी एका कारणामुळे : ते स्वतःच मंडळीचे मालक होते. शेपन्नास माणसांचे बिऱ्हाड, त्यांचे दोन वेळचे जेवण, पगार, कर्जाचे हप्ते, पुढच्या मुक्कामाचे ठरलेले नाटकगृह हा सारा जमाखर्च एका माणसाच्या रोज रात्री उभे राहण्यावर चालत असे. फॅरार हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात हॉलिवुडला जाऊ शकली. आमचा मालकनट फाळक्यांच्या चित्रासाठी चार महिने नाशकास जाऊन बसता तर मंडळीच मोडली असती. शिवाय झुकोरच्या थैलीतला पैसा फाळक्यांजवळ नव्हता, हेही विसरता येत नाही.

अमेरिकेतही मूकपटाची खरी भाषा घडवली ती या बड्या पाहुण्यांनी नव्हे. डेव्हिड ग्रिफिथ हा नट व नाटककार म्हणून जम न बसलेला मनुष्य 1908 साली पोटासाठी बायोग्राफ कंपनीत शिरला, आणि मेरी पिकफर्ड ही लहानपणापासून फिरत्या नाटकांत राबलेली मुलगी वर्षभराने तेथेच दाखल झाली. पहिल्या काळात तेथील नटांची नावे पडद्यावर झळकत नसत, आणि पुष्कळांना ती झळकू नयेत असेच वाटे. गिरगाव आणि न्यूयॉर्क यांत सात समुद्रांचे अंतर असले, तरी रंगभूमीवरच्या कनिष्ठांनी पडदा घडवावा हा न्याय दोन्हीकडे सारखाच लागला.

आमच्याकडे त्या कनिष्ठांत सर्वांत खालच्या पायरीवर स्त्री होती. दुर्गाबाई कामत या पतीपासून विभक्त झालेल्या, पदरी लहान मुलगी असलेल्या बाई पोटासाठी फिरत्या नाटकमंडळीत आल्या, त्या काळी प्रतिष्ठित घरची स्त्री रंगभूमीवर पाऊल ठेवीत नव्हती. त्यांची मुलगी कमला हिने वयाच्या तेराव्या वर्षी फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मोहिनीचे काम केले, आणि दुर्गाबाई पार्वती झाल्या. भारतीय चित्रपटातल्या या पहिल्या दोन नट्या. जी जागा मराठी रंगभूमीने स्त्रीस नाकारून पुरुषांच्या हाती सोपवली होती, ती तिला चित्रपटाने देऊ केली, याचे श्रेय फाळक्यांना द्यावेच लागेल. तथापि हे दार पूर्ण उघडले असे समजू नये. 1917 सालच्या 'लंकादहन'मध्ये सीता पुन्हा अण्णा साळुंकेच होते, आणि गंमत अशी की त्याच चित्रातला रामही तेच होते. प्रेक्षकांस त्याचे काही वाटले नाही. 'लंकादहन'ने अलोट पैसा मिळवला, आणि मद्रासेकडे नाण्यांची पोती पोलीस बंदोबस्तात बैलगाडीतून न्यावी लागली असे सांगतात. दुर्गाबाईंची कमला पुढे कमलाबाई गोखले झाली, तिने रंगभूमी व चित्रपट दोन्हीकडे दीर्घकाळ काम केले. तिचे पुत्र चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले हे आपल्या पिढ्यांना सांगावयास नकोत. पण त्या घराण्याचे मूळ एका एकाकी बाईच्या धाडसात आहे, ही गोष्ट त्यांची नावे घेताना कोणी फारसे आठवीत नाही.

नाटकमंडळीतून पडद्याकडे गेलेल्यांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मनुष्य नटच नव्हता. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवीत. ज्या पडद्यापुढे इतरांनी गावे तो पडदा रंगवणे हा त्यांचा हुन्नर. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची 'सैरंध्री' 7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागली. तिच्यातली कथा म्हणजे खाडिलकरांचे 'कीचकवध', ज्या नाटकावर सरकारने 1910 साली बंदी घातली होती. रंगभूमीवरून हद्दपार झालेला कीचक पडद्यावर पुन्हा मारला गेला, आणि तो इतका हुबेहूब, की त्या प्रसंगास पुढे कात्री लावावी लागली. झुंझारराव पवार कीचक होते, बाळासाहेब यादव भीम होते. गुलाबबाई व अनसूयाबाई यांनी समाजाचा रोष पत्करून स्त्रीभूमिका केल्या. कमावलेल्या शरीरास, डोळ्यांस आणि उजेड-सावलीस येथे जे महत्त्व आले ते संगीत रंगभूमीवर कधीच नव्हते. बाबूरावांना लोकमान्यांनी 'सिनेमा केसरी' म्हटले, ते उगाच नव्हे.

गंधर्व नाटक मंडळीत पोरवयात काही काळ काढून परत आलेला शांताराम वणकुद्रे याच कंपनीत अंगमेहनतीची कामे करीत शिरला आणि 1925 सालच्या 'सावकारी पाश'मध्ये तरुण शेतकरी झाला. लहानपणी नाटकात काम केलेले मास्टर विठ्ठलही येथूनच पुढे सरकले आणि मूकपटाच्या उत्तरार्धात त्यांच्या नावावर तिकिटे खपू लागली. 1931 साली 'आलम आरा'मध्ये नायकाची भूमिका त्यांना मिळाली. त्यासाठी जुन्या कंपनीचा करार मोडल्याबद्दल खटला झाला आणि बॅरिस्टर महमदअली जिनांनी त्यांची बाजू मांडली. खटला जिंकला, परंतु बोलणे साधले नाही. मुक्या पडद्याच्या नायकास बोलक्या चित्रात बव्हंशी न बोलता राहावे लागले.

बोलपट आल्यावर मात्र वीस वर्षे जागचे न हललेले थोर एकाएकी हलले. गोविंदराव टेंबे 1932 साली 'अयोध्येचा राजा' झाले, तोच हरिश्चंद्र. दीनानाथांच्या बलवंत मंडळीने चित्रपट काढले. बालगंधर्व 1935 साली 'धर्मात्मा'मध्ये पुरुषवेषात एकनाथ म्हणून उभे राहिले, आणि ज्यांनी त्यांना सिंधू-भामिनीच्या शालू-शेल्यांत पाहिले होते त्यांना ते पटले नाही. सर्वांत यशस्वी ठरले ते स्वदेशहितचिंतक मंडळीत स्त्रीभूमिका करणारे विष्णुपंत पागनीस; 1936 चा त्यांचा तुकाराम वऱ्हाडच्या खेड्यापाड्यांत अनेकांनी संतदर्शन म्हणूनच पाहिला. तोवर मंडळ्यांचे मुक्काम आटले होते. स्वराने ज्यांना मूकपटापासून दूर ठेवले त्यांना स्वरानेच बोलपटात बोलावून घेतले, पण फार उशिरा, आणि तेही बिऱ्हाड मोडल्यानंतर.

मूकपटाच्या या काळाची चित्रे आता जवळजवळ उरलेली नाहीत. 'पुंडलिक', 'सैरंध्री', मूळचा 'सावकारी पाश' नष्ट झाले. 'राजा हरिश्चंद्र'ची काही रिळे तेवढी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. त्यामुळे मागोवा घ्यावयाचा तो कागदांवरून. दादासाहेब खापर्ड्यांनी वर्षानुवर्षे रोजनिशी लिहिली म्हणून त्यांच्या काळचे कितीतरी आज कळते. पण मंडळ्यांचे आणि फिरत्या सिनेमांचे दप्तर कोणी सांभाळले नाही. अमरावती, अकोला, खामगावच्या जुन्या वाड्यांत, ऋणमोचनसारख्या यात्रेच्या गावी, कोणाच्या माळ्यावर नाटकाच्या हस्तपत्रिका, तंबूतल्या खेळांच्या जाहिराती, नाटकगृहाच्या भाड्याच्या पावत्या, नटांची छायाचित्रे पडलेली असतील, तर वाडा पाडताना ती रद्दीत घालू नका. अमरावतीच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे किंवा पुण्याच्या संग्रहालयाकडे ती पोचती करा.