पुढचा वाद कशावरून?

जालना जिल्ह्यातल्या वादांना अलीकडे आगाऊ तारीख मिळते. २९ ऑगस्ट २०२३ रोजी अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला तिथे पोलिसांनी लाठीमार केला आणि एका लहानशा खेड्याचे नाव दोन दिवसांत देशभर झाले. पुढे सरकारला दिलेली मुदत २४ ऑक्टोबरला संपली, दुसरी २४ डिसेंबरला, आणि २० जानेवारी २०२४ ला मोर्चा मुंबईच्या दिशेने निघाला. दरम्यान १७ नोव्हेंबरला अंबडमध्येच ओबीसींचा मोठा मेळावा झाला होता. जून २०२४ मध्ये तर अंतरवालीपासून काही किलोमीटरवरच्या वडीगोद्रीत लक्ष्मण हाके यांनी ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी उपोषण मांडले. या तारखांकडे इथला माणूस कोणत्या ना कोणत्या बाजूने पाहतो. पण याच जिल्ह्यात, शहराला लागून असलेल्या एमआयडीसीत, कोणत्याही बाजूचा नसलेला एक वर्ग त्यांच्याकडे तितक्याच बारकाईने पाहत असतो. भंगार वितळवून सळया करणाऱ्या पोलाद कारखान्यांत भट्टीवर आणि रोलिंगवर बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातून आलेले हात मोठ्या संख्येने आहेत. कुणबी नोंद निजामाच्या दप्तरात सापडली काय आणि न सापडली काय, त्यांच्या पदरात काहीच पडणार नसते. तरी पुढचा भडका कधी, कुठे आणि कशावरून, याचा अंदाज ते सतत बांधत असतात.

या अंदाजबाजीला रिकामटेकड्यांच्या गप्पा समजण्याची चूक सहज होते. ती मुळात हिशेबाची गोष्ट आहे. २६ फेब्रुवारी २०२४ ला घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीत एसटी बस जाळली गेली, अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालन्यासह छत्रपती संभाजीनगर व बीड जिल्ह्यांत इंटरनेट बंद झाले. घरचा माणूस अशा दिवशी दार लावून बसतो, फार तर मामाच्या गावी जातो. भाड्याच्या खोलीत चौघापाचांनी राहणाऱ्या कामगाराचे गणित वेगळे असते. गावाकडे पैसे मोबाइलवरून जातात, ते अडकतात. ठेकेदाराचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, तो येत नाही. पाळी भरली नाही तर रोज बुडतो. भरायला निघावे तर रस्त्यात काय होईल ठाऊक नसते. कारखान्याचीही अडचण असते, कारण वितळलेले लोखंड भट्टीत थिजले तर भट्टीचे नुकसान होते. म्हणून हातातले काम अर्धे टाकून कोणी सहजी जाऊ देत नाही. वादात कोण बरोबर हा प्रश्न त्याच्या दृष्टीने दुय्यम ठरतो. खर्च कोणाच्या माथी पडणार, हे त्याला आधी कळायला हवे असते. माझे म्हणणे एवढेच आहे की परमुलखात राहणाऱ्याचे भाकीत हे वादाविषयी नसून वादाच्या किमतीविषयी असते, आणि तसे वाचले तर ते बहुधा शहाणपणाचे निघते.

हे शहाणपण उत्तर भारतीयांनी आणलेले आहे असेही नाही. जालना जिल्ह्याच्या मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे हजारो कोयते ऊसतोडीला बाहेर पडतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची तर टनावर मजुरी मिळाली पाहिजे, आणि टन व्हायचा तर फड सुरू पाहिजे. पण ज्या कोल्हापूर-सांगलीत ही माणसे उतरतात तिथला ठरलेला वाद नेमका हंगामाच्या तोंडावर येतो. जयसिंगपूरला ऊस परिषद भरते, दराची मागणी जाहीर होते आणि ती मान्य होईपर्यंत तोड बंद पाडली जाते. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटनेने मागच्या हंगामातल्या उसाचे जादा पैसे मागत असेच आंदोलन लावून धरले होते. महामार्ग अडवल्यावरच तडजोड झाली. शेतकऱ्याची मागणी न्याय्य असेलही. पण त्या दिवसांत कोपीत बसून राहिलेल्या जोडीच्या अंगावर उचल तेवढीच राहते आणि घरातून आणलेली बाजरी संपत जाते. म्हणून आंदोलन किती दिवस ताणेल याचा अंदाज मंठ्याची बाई शिरोळच्या शेतकऱ्यापेक्षा जास्त काळजीपूर्वक बांधते. तिला ऊसदराचे अर्थशास्त्र समजावून सांगायची गरज नसते, ते तिच्या पिठाच्या डब्यात दिसत असते.

मराठवाड्याला तर बाहेरच्या माणसाच्या बाबतीत जुना इतिहास आहे, तोही कायद्यात लिहिलेला. १९४८ पर्यंत जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि त्या संस्थानात माणसाची पहिली ओळख मुलकी की गैरमुलकी अशी होती. सरकारी नोकरी मुलकीला. गैरमुलकीने मुलकी व्हायचे तर पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवायचे. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या अधिकाऱ्यांविरुद्धची स्थानिकांची कुरकुर एकोणिसाव्या शतकापासूनची. संस्थान गेले तरी कुरकुर गेली नाही. सप्टेंबर १९५२ मध्ये हैदराबाद शहरात ‘गैरमुलकी परत जा’ म्हणत विद्यार्थी रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. ज्यांना मराठवाड्यात आज ‘बाहेरचे’ आणि ‘आपले’ हा भेद मुंबईच्या राजकारणातून आला असे वाटते, त्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे. अशा राज्यात नोकरी करणारा बाहेरचा माणूस पुढच्या फर्मानाचा वास घेत बसला असेल, तर नवल नव्हते.

मुंबईच्या राजकारणाने या भेदाला वेळापत्रक दिले एवढे मात्र खरे. फेब्रुवारी २००८ मध्ये मनसेच्या आंदोलनानंतर नाशिकमधून उत्तर भारतीय कामगार मोठ्या संख्येने गावी निघून गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रेल्वेच्या भरती परीक्षेला मुंबईत आलेल्या उमेदवारांना मारहाण झाली. २०१८ च्या ऑक्टोबरात गुजरातेत हेच चित्र वेगळ्या कारणाने दिसले: साबरकांठा जिल्ह्यात एका बालिकेवर अत्याचार झाला, आरोपी बिहारी निघाला आणि शिक्षा हिंदी बोलणाऱ्या प्रत्येकाला झाली. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय १६ एप्रिलला निघाला, जूनमध्ये त्यात बदल झाला, २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले, आणि ५ जुलैला ठाकरे बंधू वरळीत एका व्यासपीठावर आले. त्या आठवड्यात मीरा रोडला मराठी न बोलल्यावरून एका दुकानदाराला झालेल्या मारहाणीची चित्रफीत देशभर फिरत होती. म्हणजे भरती, निवडणूक, भाषा आणि एखादा घृणास्पद गुन्हा, एवढ्या चार खुणा सांभाळल्या तर बाहेरच्या माणसाचे भाकीत फारसे चुकत नाही. विषय चुकतो, मोसम चुकत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की ही माणसे अफवांवर जगतात आणि त्याच पसरवतात. आक्षेपाला आधार आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्य भारतातल्या लोकांवर हल्ले होणार अशा संदेशांनी बेंगळुरूतून हजारोंचे लोंढे गुवाहाटीकडे निघाले. रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागल्या, केंद्र सरकारने एका वेळी पाचपेक्षा जास्त एसएमएस पाठवण्यावर पंधरा दिवसांची बंदी घातली, आणि सांगितलेली कत्तल काही झाली नाही. मार्च २०२३ मध्ये तामिळनाडूत बिहारी कामगारांना मारतात अशा चित्रफिती फिरल्या. त्या खोट्या निघाल्या. पण २०१२ ची अफवा आकाशातून पडली नव्हती. जुलैत कोक्राझारमध्ये हिंसाचार झाला होता, ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यात ईशान्येकडच्या काही विद्यार्थ्यांना खरोखर मारहाण झाली होती. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, त्याला ताकाबद्दल अज्ञानी म्हणण्यात अर्थ नाही. शिवाय चुकीची किंमत दोन्ही बाजूंनी सारखी नसते. उगाच घाबरून गावी गेलेल्याचे तिकिटाचे पैसे आणि पंधरा दिवसांचा रोज जातो. घाबरायला हवे तेव्हा न घाबरलेल्याचा जीव जाऊ शकतो. असा व्यवहार असेल तर जरा जास्त घाबरणे हाच हिशेबी पर्याय ठरतो. तामिळनाडूतला पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो: तिथल्या पोलिसांनी तातडीने मदत क्रमांक दिले, खुलासे केले, कामगारांना कळेल अशा हिंदीत आवाहने केली, बिहारने अधिकाऱ्यांचे पथक पाठवून खातरजमा केली आणि लोंढा आवरला. तिथे अफवेवर खरी माहिती पुरवून मात केली गेली. भाकीत करणाऱ्यांना दटावून ते जमले नसते.

माहिती न मिळाल्यावर काय होते याचा सर्वांत भीषण पुरावा दुर्दैवाने जालन्याचाच आहे. मे २०२०, टाळेबंदी. श्रमिक रेल्वे १ मेपासून सुरू झाल्या होत्या, पण कोणाला, कुठून, कधी, हे सांगणारे कोणी नव्हते. जालन्यातल्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशच्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले २० मजूर ७ मेच्या संध्याकाळी पायी निघाले. पाससाठी अर्ज करूनही उत्तर आले नाही, असे वाचलेल्यांनी नंतर सांगितले. भुसावळला गाडी मिळेल हा त्यांचा एक अंदाज होता. देशभर रेल्वे बंद आहे म्हणजे रुळावरून काही येणार नाही, हा दुसरा. पहिल्या अंदाजाने ते रुळांच्या कडेने चालत राहिले, दुसऱ्याने करमाडजवळ सटाणा शिवारात थकून रुळांवरच आडवे झाले. ८ मेच्या पहाटे आलेल्या मालगाडीने त्यातल्या १६ जणांचा जीव घेतला. मालगाड्या टाळेबंदीत एक दिवसही थांबलेल्या नव्हत्या. हे प्रशासनाला, रेल्वेला, कारखान्यांना, सगळ्यांना ठाऊक होते. रुळांवर विखुरलेल्या चपात्यांची छायाचित्रे छापून आली, पण एवढी साधी माहिती त्या २० जणांपर्यंत का पोहोचली नाही याची चर्चा चार दिवसही टिकली नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. इथे राहायचे तर इथले व्हा, मराठी शिका, मग भाकिते करत बसावे लागणार नाही. यातही तथ्य आहे. जालन्याची बाजारपेठ वाढवली ती बाहेरून येऊन रुजलेल्या मारवाडी-गुजराती घराण्यांनी. १९६४ मध्ये महिको काढणारे आणि १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळवणारे बद्रीनारायण बारवाले यांना आज जालन्यात कोणी परका म्हणणार नाही. भाषा कामगारानेही शिकावीच, त्याबद्दल दुमत नाही. पण भाषेने आणि मुक्कामाने प्रश्न सुटतोच असे नाही. युगांडातले भारतीय दोन-तीन पिढ्यांचे रहिवासी होते, दुकाने-गिरण्यांचे मालक होते. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने त्यांना नव्वद दिवसांची मुदत दिली. आणि इंग्रजी अस्खलित, पगार उत्तम, घर स्वतःचे असलेले मराठी अभियंते अमेरिकेत १९ सप्टेंबर २०२५ च्या रात्री काय करत होते? एच-१बी व्हिसासाठी एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली होती, सुट्टीवर भारतात आलेल्यांना कंपन्या तातडीने परत बोलावत होत्या, आणि शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे हा खुलासा दुसऱ्या दिवशी आला. मधले तास जालन्याच्या भट्टीवरचा कामगार जसे काढतो तसेच त्यांनी काढले. फरक एवढाच की त्यांच्या अंदाजबाजीला आपल्याकडे ‘चिंता’ म्हणतात आणि याच्याला ‘अफवा’.

स्थानिक म्हणतील, बंदचा फटका आम्हालाही बसतो. बसतोच. मात्र इथल्या माणसाला वाद सुरू करण्यात, ताणण्यात आणि मिटवण्यात वाटा असतो, मत असते, आमदाराच्या घरी जाण्याची सोय असते. ज्याचे नाव मतदार यादीत छपरा नाहीतर शहडोलला आहे त्याच्याकडे फक्त अंदाज असतो. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदाराला अशा कामगाराला छायाचित्रासह पासबुक देणे, आणि ते त्याला कळेल अशा भाषेत असणे, बंधनकारक केले होते. हा कायदा आता नव्या कामगार संहितेत सामावला गेला आहे. मजुरीचा हिशेब कामगाराच्या भाषेत हवा हे सरकारला १९७९ मध्ये कळले होते. मग संचारबंदीचा आदेश त्याच्या भाषेत का असू नये? जिल्हाधिकारी कार्यालयाने असा आदेश निघताक्षणी त्याची हिंदी प्रत एमआयडीसीतल्या प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर लावावी, कोणते रस्ते चालू, कोणत्या गाड्या सुटणार, इंटरनेट कधी येणार एवढे त्यात असावे, आणि ठेकेदारांनी ते पाळी सुरू होण्याआधी वाचून दाखवावे. खर्च एका कागदाचा आहे. उद्योजकांच्या संघटनांनी ही मागणी पुढच्या आंदोलनाची तारीख जाहीर होण्याची वाट न पाहता आत्ताच करावी.