ढोलीत कोंडलेली मादी, बाहेर राबणारा नर : असा असतो धनेशाचा संसार

कोकणच्या रानात वड, उंबर पिकले की कर्कश ओरडत धनेशाचा थवा उतरतो. पाठ काळी, पोट पांढरं, पिवळी मोठी चोच आणि चोचीवर शिंगासारखा उंचवटा असलेला हा पक्षी म्हणजे मलबारी धनेश. काही गावांत त्याला ककणेर म्हणतात.

घरटं कसं असतं?

धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. त्यासाठी बेहडा, आंबा अशी जुनी, जाडजूड बुंध्याची, आधीच ढोली पडलेली झाडं लागतात. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा, फळांचा गर, माती यांनी तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट राहते. साप, माकडं यांच्यापासून अंडी-पिल्लं वाचतात. आत असताना मादीची उडायची पिसं झडून नवी येतात. म्हणजे त्या काळात ती उडूही शकत नाही.

पुढचे अडीच-तीन महिने सगळा भार नरावर. तो गळ्यात साठवून आणलेली फळं एकेक करून फटीतून भरवतो. पिल्लं झाली की किडे, सरडेही आणतो. अशा वेळी नर मारला गेला, तर आतल्या सगळ्यांवर उपासमारीची वेळ येते.

रानाला फायदा काय?

धनेश फळं गिळतो आणि बिया लांब नेऊन टाकतो. तिथे नवी रोपं उगवतात. काजऱ्याची बी विषारी, पण धनेश गर खाऊन बी तशीच टाकतो.

झाड तोडण्याआधी हे बघा

कोकणातलं बरंचसं रान खासगी मालकीचं आहे. 'पोकळ झाड, काय कामाचं' म्हणून ते लाकडाला दिलं जातं. पण तीच ढोली धनेश वर्षानुवर्षं वापरतो. बुंध्याशी बियांचा आणि विष्ठेचा सडा दिसला, नर एकाच फटीशी सारखा येत असला, तर आत घरटं आहे असं समजावं. फोटोसाठी फार जवळ जाऊ नये. नर बिचकला की आतल्यांचा घास लांबतो.

धनेशाच्या तेलाने सांधेदुखी जाते, या समजुतीला काही आधार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याची शिकार गुन्हा आहे. शिकार किंवा घरट्याच्या झाडाची तोड दिसल्यास वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवता येतं.