पक्षाचे पंचांग

११ मार्च २०१८, रविवार. नाशिकहून पाच दिवसांपूर्वी पायी निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत शीवजवळच्या सोमय्या मैदानावर येऊन टेकला. सोमवारी सकाळी उठून विधानभवनाकडे निघायचे, असा बेत होता. पण सोमवारी दहावीचा पेपर होता. हजारो माणसे सकाळी रस्त्यावर आली असती तर मुले परीक्षा केंद्रांवर वेळेत पोहोचली नसती. म्हणून ठरले, की विश्रांती न घेता रात्रीच चालायचे. उजाडायच्या आत मोर्चा आझाद मैदानावर पोहोचलाही होता.

मुंबईकरांना या समंजसपणाचे फार कौतुक वाटले. ते योग्यच होते. पण संघटनेचे काम जाणणारा माणूस दुसरीच गोष्ट टिपेल. पाय सोललेल्या, दमलेल्या हजारो माणसांना ‘उठा, आत्ताच निघायचे आहे’ असे सांगितल्यावर ती उठतात आणि गोंधळ न होता चालू लागतात, ते कशामुळे? एका भाषणाने हे होत नाही. गावागावाच्या तुकड्या असाव्या लागतात आणि प्रत्येक तुकडीत ज्यांचे ऐकले जाते अशी दोन-चार माणसे असावी लागतात. मोर्चा काढला होता अखिल भारतीय किसान सभेने, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाशी जोडलेल्या संघटनेने. सुरगाणा, कळवण, दिंडोरीकडच्या आदिवासी पट्ट्यात वनजमिनीच्या दाव्यांवर तिचे काम वर्षानुवर्षे चालू होते. मार्च २०१६मध्ये नाशिकच्या सीबीएस चौकात तिने मोठा मुक्काम ठोकला होता. जून २०१७च्या शेतकरी संपातही ती होती. २०१८चे ते सहा दिवस या सगळ्याच्या पुढचे होते.

एरवी राजकीय पक्षाचे काम म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर निवडणुकीचा महिना येतो. उरलेल्या काळात पक्ष नेमके काय करतो, त्याचे वर्ष कोण आखतो, हे सहसा कोणी विचारत नाही.

आखणारे दोघे असतात आणि त्यांचे फारसे पटत नाही.

पहिले वेळापत्रक वरून येते. ते मुख्यत्वे जयंत्या, पुण्यतिथ्या आणि वर्धापन दिनांचे असते. भारतीय जनता पक्षाचे घ्या. ६ एप्रिलला स्थापना दिन, २३ जूनला श्यामाप्रसाद मुखर्जींची पुण्यतिथी, १७ सप्टेंबर या पंतप्रधानांच्या वाढदिवसापासून २ ऑक्टोबरपर्यंत सेवा पंधरवडा, मध्येच २५ सप्टेंबरला दीनदयाळ उपाध्याय जयंती, २५ डिसेंबरला सुशासन दिन. शिवाय दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी बूथवर ‘मन की बात’ ऐकायची. काँग्रेसचा २८ डिसेंबर, मनसेचा ९ मार्च आणि गुढीपाडव्याचा मेळावा, शिवसेनेचा १९ जून, २३ जानेवारी आणि दसरा. शिवसेना आणि राष्ट्रवादी हे पक्ष फुटल्यापासून या तारखांना वेगळाच रंग चढला आहे. १९ जूनला दोन शिवसेनांचे दोन मेळावे होतात, १० जूनला दोन राष्ट्रवादींचे. त्या दिवशी कार्यकर्ता कोणत्या मंडपात बसला, हीच त्याची हजेरी.

तारखांचे हे राजकारण वरवरचे समजू नये. साठच्या दशकात पुण्याच्या खडकीतील संरक्षण प्रयोगशाळेत बुद्ध जयंती आणि आंबेडकर जयंतीच्या सुट्ट्या काढून टाकण्यावरून वाद पेटला. तिथे नोकरीला असलेले कांशीराम त्या वादात ओढले गेले आणि पुढे चळवळीचेच झाले. त्यांनी बामसेफ या कर्मचारी संघटनेची घोषणा केली ६ डिसेंबर १९७८ रोजी, डीएस-फोर या संघर्ष समितीची ६ डिसेंबर १९८१ रोजी आणि बहुजन समाज पक्षाची १४ एप्रिल १९८४ रोजी. बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन आणि त्यांची जयंती. ज्या दिवशी लोक आपण होऊन एकत्र येणारच आहेत, त्या दिवशी त्यांना वेगळे निमंत्रण द्यावे लागत नाही. हा हिशेब कांशीराम यांना नेमका कळला होता.

दुसरे वेळापत्रक गावाचे किंवा वॉर्डाचे. ते कोणी छापत नाही, पण चुकवले तर कार्यक्रम पडतो. एप्रिल-मेमध्ये टँकर आणि शहरात नालेसफाई. याच सुमारास रक्तपेढ्यांत टंचाई असते, म्हणून रक्तदान शिबिराला खरा अर्थ उन्हाळ्यात. प्रत्यक्षात ते नेत्याच्या वाढदिवसाला होते, मग तो कधीही येवो. जूनमध्ये शाळाप्रवेश, दाखले, वह्यावाटप. त्याच वेळी शेतात पेरणी असते, आणि नेमका तेव्हाच वरून सदस्य नोंदणीचा आदेश आला तर तालुकाध्यक्षाने कपाळाला हात लावायचा. आषाढात वारीच्या वाटेवर पाणी, औषधे, फराळ. मग गणपती. मुंबई-ठाण्यातल्या पक्षांना कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांसाठी बस सोडाव्याच लागतात, कारण समोरचा सोडतो. नवरात्र, दिवाळी पहाट, उटण्याच्या पुड्या. ऊस पट्ट्यात कारखान्याचे बॉयलर पेटले की ऊसतोड आणि दराशिवाय लोक दुसऱ्या विषयावर बोलत नाहीत. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू. पुरुष कार्यकर्ते याला हसतात. पण एरवी पक्षाच्या सभेला न येणाऱ्या शेकडो बाया एका संध्याकाळी येतात आणि पाण्याची वेळ, बंद पडलेला दिवा, रेशन दुकानातली फसवणूक असे सगळे बोलून जातात, असा दुसरा कार्यक्रम पक्षाकडे नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा असतात. तेव्हा भोंगा लावणारा पक्ष मते घालवतो. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला बंदी आहेच, पण इथे नियमापेक्षा आईबापांचा राग महाग पडतो.

आणि ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरतात. गावाच्या विकास आराखड्यात काय घ्यायचे, लाभार्थी कोण, हे तिथे बोलता येते, ठराव मांडता येतो. पण या चारही तारखांना पक्षाचे कार्यकर्ते बहुधा झेंडावंदन नाही तर प्रभातफेरीत असतात. आपल्याच गावातली सभा सोडून तालुक्याला फोटो काढायला गेलेले कितीतरी सापडतील.

या दोन वेळापत्रकांच्या मधे एक तिसरे आहे, सरकारी, कोरडे आणि सगळ्यांत निर्णायक. ते मतदार यादीचे. पूर्वी १ जानेवारीला १८ वर्षे पूर्ण असणे ही एकच अट होती. २०२२पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार पात्रता तारखा आहेत. नाव घालायला नमुना ६, वगळण्यासाठी नमुना ७, पत्ता किंवा तपशील बदलायला नमुना ८. निवडणूक आयोगाचा अधिकारी प्रत्येक केंद्रावर असतो, तसा मान्यताप्राप्त पक्षालाही आपला प्रतिनिधी तिथे नेमता येतो. त्याने एका दिवशी किती अर्ज द्यायचे यावर बंधन आहे. सर्वसाधारण पुनरीक्षणात दहा. म्हणजे शेवटच्या दिवशी तीनशे अर्जांचा गठ्ठा घेऊन जाण्याची सोय नाही. रोज दहा दारे, हाच उपाय. २०२४च्या विधानसभेला महाराष्ट्रात एक लाखाहून थोडी अधिक मतदान केंद्रे होती, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी साडेतीनशे. तितकी विश्वासाची माणसे नेमणे आणि ती खरोखर काम करतात की नुसती कागदावर आहेत हे पाहणे, यातच तालुकाध्यक्षाचे अर्धे वर्ष जावे. भाजपने यादीच्या एका पानाला एक माणूस, पन्नाप्रमुख, अशी रचना केली ती याचसाठी. पानावर तीसेक नावे असतात. इतक्यांपैकी कोण वारले, कोणाचे लग्न होऊन सासरी गेले, कोण कामासाठी पुण्याला गेले हे एका माणसाला ठाऊक असू शकते. ही रचना कागदावर जितकी आखीव दिसते तितकी प्रत्येक गावी नसते, पण कल्पना व्यवहाराची आहे.

उद्दिष्ट आणि मुदत देऊन काम नेमण्याची रीत मात्र जुनी आहे. १९२०च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने घटना बदलली, चार आणे वर्गणी ठेवली, प्रांतिक समित्या भाषेनुसार केल्या. पुढच्या वसंतात बेझवाड्याच्या बैठकीत काम ठरले: ३० जून १९२१पर्यंत टिळक स्वराज्य फंडात एक कोटी रुपये, एक कोटी सदस्य, वीस लाख चरखे. रुपये जमले आणि त्यात मुंबईने मोठा भार उचलला. सदस्यांचा आकडा मात्र गाठता आला नाही. पैसा थोड्या धनवंतांकडून पटकन मिळतो, सदस्यासाठी कोट्यवधी घरांत जावे लागते. आज मिस्ड कॉल आणि ॲपमुळे आकडा दुपारी सुरू होऊन संध्याकाळी फुगतो. त्यातले किती जण बैठकीला येतात, हे तालुक्याच्या सरचिटणीसाला विचारावे, फक्त चारचौघांत नको.

शिवसेनेची शाखा हा या सगळ्याला दिलेला मुंबईचा तोडगा होता. १९६६नंतर गल्लोगल्ली उभ्या राहिलेल्या शाखांनी कार्यक्रमाची वाट पाहिली नाही. संध्याकाळी शाखेचे दार उघडे, शाखाप्रमुख खुर्चीवर, समोर नळाची तक्रार, रुग्णालयात खाट, शाळेचा प्रवेश, नवराबायकोचे भांडण. यात दादागिरीही होती, ते लपवण्यात अर्थ नाही. पण फेब्रुवारी २०२३मध्ये निवडणूक आयोगाने नाव आणि चिन्ह एका गटाला दिले, तेव्हा आमदार-खासदारांची बेरीज पाहिली गेली. शाखेच्या खोलीचा ताबा कोणाकडे, यावर गल्लोगल्ली वेगळे झगडे झाले. खालच्या माणसांना ती खोली म्हणजेच पक्ष वाटत होता.

वर्षाच्या आराखड्यात खर्चाचे पान सर्वांत घाईने लिहिले जाते. मंडप, खुर्च्या, फ्लेक्स, चहा, गाड्यांचे डिझेल. करसवलत राखायची तर पक्षाला २००० रुपयांहून जास्त देणगी रोखीने घेता येत नाही, त्यामुळे स्थानिक कार्यक्रमाचा भार बहुतेक वेळा पक्षावर येतच नाही. तो ‘इच्छुक’ उचलतात. ज्याला तिकीट हवे तो वाढदिवसाचे बॅनर लावतो, क्रिकेटचे सामने भरवतो, बस सोडतो. सतरंज्या उचलणारा जुना कार्यकर्ता बाजूला पडतो तो इथेच.

मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि २९ महापालिकांसाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. इतर शहरांतही बराच काळ प्रशासक होते. इच्छुकांचे चार पावसाळे असेच गेले: प्रभागरचना बदलते आहे, आरक्षण कधी निघेल माहीत नाही, पण हळदीकुंकू थांबवता येत नाही आणि चाकरमान्यांची बसही. शेवटी एका प्रभागात तिकीट मिळाले मोजक्यांना. उरलेल्यांतले काही बंडखोर झाले, काही दुसऱ्या पक्षात गेले, काही घरी बसले. त्यामुळे नव्या वर्षाचा आराखडा घेऊन बसणाऱ्या शहराध्यक्षाला जयंत्यांच्या तारखांआधी बूथ समित्यांच्या याद्याच पुन्हा तपासाव्या लागतात. अनेक बूथवर गेल्या वर्षीचा प्रमुख आता समोरच्या पक्षात असतो आणि मतदारांची खुणा केलेली यादी त्याच्याच कपाटात असते.