दोन फासे, दोन सेनापती

कॅरमच्या डबल्समध्ये पार्टनरवर कधी खेकसला आहात? "अरे, राणी घेतलीस तर कव्हर कोण घेणार?" असं? मग हा लेख तुमच्यासाठीच आहे. फक्त इथे सोंगट्यांच्या जागी हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ आहे.

टेबलावर छोटे सैनिक मांडून प्राचीन काळातली युद्धं खेळायचा एक खेळ आहे. परदेशात त्याच्या डबल्सच्या स्पर्धाही भरतात. एका बाजूला दोघे, आणि सैन्य दोघांत वाटलेलं. नियमांचे बरेच संच आहेत. आम्ही निवडला तो 'डी.बी.ए.', १९९० साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेला. कारण साधं! त्यात एका सैन्यात फक्त १२ तुकड्या लागतात. इ.स.पू. ३००० पासून साधारण इ.स. १५०० पर्यंतची सैन्यं त्यात बसतात.

एका दिवाळीच्या सुट्टीत गावी, म्हणजे रहिमतपूरला, आम्ही आठजणांनी स्पर्धा घ्यायचं ठरवलं. चार जोड्या, प्रत्येकाची प्रत्येकाशी लढत, एकूण ६ सामने. शिशाचे सैनिक कुठून आणणार? किल्ल्यावरचे मावळे मापात बसेनात, शिवाय धाकट्या बहिणीने ते द्यायला साफ नकार दिला. शेवटी जुन्या फायलींचे पुठ्ठे कामी आले. ४० मि.मी. रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि त्यांवर 'ह', 'घो', 'प' अशी अक्षरं लिहिली. झालं सैन्य तयार!

माझा पार्टनर होता आतेभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आम्ही घेतलं पोरसाचं सैन्य. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी अलेक्झांडरशी लढलेला तोच राजा पोरस. समोर अर्थातच अलेक्झांडर. हत्ती आणि घोडदळ मी घेतलं, तिरंदाज आणि पायदळ त्याला दिलं. (इथेच पहिली चूक झाली, पण ते पुढे.)

खेळ कसा चालतो?

आपली पाळी आली की एक फासा टाकायचा. जितके पडतील तितक्या चाली. एका रांगेत चिकटून उभ्या असलेल्या तुकड्या मिळून एकाच चालीत हलतात. रांग विस्कटली की मात्र प्रत्येक तुकडीला वेगळी चाल खर्च करावी लागते. म्हणजे शिस्तीतल्या फौजेला १ पडला तरी भागतं, विस्कटलेल्या फौजेला ५ सुद्धा अपुरे.

तुकड्या भिडल्या की दोन्ही बाजू एकेक फासा टाकतात आणि त्यात आपल्या तुकडीचे गुण मिळवतात. घोडदळाचे ३ गुण असतात. बेरीज कमी भरली की सहसा मागे सरकावं लागतं. निम्मी किंवा त्याहून कमी भरली की बहुतेक वेळा तुकडी बाद. हत्तींचं मात्र वेगळं आहे. हलक्या पायदळाने त्यांना नुसतं हरवलं तरी ते बाद होतात.

आता गंमत बघा. शत्रूच्या तुकडीची बाजू मोकळी असेल आणि तिथे आपली दुसरी तुकडी येऊन भिडली, तर शत्रूचा १ गुण कमी होतो. दोन्ही बाजूंनी घेरलं तर २. घोडदळाविरुद्ध घोडदळ असेल तर आपण त्याला बाद करण्याची शक्यता किती? दोन फाशांचे ३६ प्रकार लिहून काढा. सरळ लढतीत ३६ पैकी २, म्हणजे १/१८. एका बाजूने साथ मिळाली तर ६/३६, म्हणजे १/६. दोन्ही बाजूंनी मिळाली तर १२/३६, म्हणजे १/३! आपलं घोडदळ तेच, फासाही तोच, पण शेजारी कोणी येऊन उभं राहिलं म्हणून सहापट फरक. डबल्समध्ये दोन फौजांच्या सांध्यावर हा शेजारी म्हणजे आपला पार्टनर.

मोठा फासा कुणाला?

डबल्ससाठी आम्ही स्वतःचे दोन नियम केले. एक, दोन फासे एकदम टाकायचे आणि कोणता कुणाला ते जोडीने ठरवायचं. दोन, एकाच्याही ४ तुकड्या गेल्या की डाव गेला.

दोन फासे टाकले तर त्यांतल्या मोठ्याची सरासरी ४.४७ येते आणि लहानाची २.५३. म्हणजे दर पाळीला जवळजवळ दोन चालींचा फरक! पहिल्या सामन्यात मी काय केलं? मोठा आहे, नियमांचं पुस्तक मीच वाचलंय, हत्ती माझ्याकडे आहेत, म्हणून दर वेळी मोठा फासा मी घेतला. माझे हत्ती झोकात पुढे गेले. तिकडे त्याची रांग तिरंदाजीच्या नादात तुटली होती आणि त्याच्या हातात १ नाहीतर २. "आरं, एकदा तरी मोठा फासा इकडं दे की!" तो दोनदा म्हणाला. मी म्हटलं, "थांब रे, आता जिंकतोच."

माझी एकही तुकडी गेली नव्हती. त्याच्या चार गेल्या आणि आम्ही हरलो. तो काही बोलला नाही, फासे डबीत टाकून जेवायला निघून गेला. ते जास्त लागलं.

संध्याकाळी मी माफी मागितली आणि आम्ही ठरवलं की मोठा फासा हत्तीवाल्याचा नाही, अडचणीत असलेल्याचा. ज्याची रांग शाबूत आहे त्याने लहान फाशावर भागवायचं. शिवाय दोघांच्या फौजांमधला सांधा मोकळा ठेवायचा नाही. पुढचे दोन्ही सामने जिंकलो आणि स्पर्धेत दुसरे आलो.

हे आपल्याकडे जुनंच आहे

चौघांनी मिळून फाशांवर खेळायचं युद्ध मुळात आपल्याच देशातलं. अल बेरुनीने इ.स. १०३० च्या सुमारास भारतावर लिहिलेल्या ग्रंथात चौघांच्या बुद्धिबळाचं वर्णन आहे. ६४ घरांचा पट, प्रत्येकाला राजा, हत्ती, घोडा, रुख आणि चार प्यादी, आणि कोणतं मोहरं हलवायचं ते फासा ठरवणार. सोळाव्या शतकात बंगालच्या रघुनंदनांनी दिलेल्या नियमांत समोरासमोरचे दोघे मित्र असतात. त्यातला एक नियम भारी आहे. आपला राजा मित्राच्या सिंहासनावर जाऊन बसला की मित्राचं सैन्यही आपल्याच हुकमात येतं! पहिल्या सामन्यात मी नियम नसताना तेच केलं होतं.

आमच्या गावात आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाची कबर आहे. १६३६ साली माहुलीच्या किल्ल्याला वेढा पडला तेव्हा हा खान शहाजीराजांच्या विरुद्ध बाजूला होता. पुढच्याच वर्षापासून दोघे मिळून कर्नाटकाच्या मोहिमेवर गेले. १६३८ मध्ये बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. काल समोर उभा असलेला माणूस आज आपल्या फळीच्या शेजारी! लहानपणापासून त्या कबरीवरून शेकडो वेळा गेलो असेन, पण त्या स्पर्धेनंतर पहिल्यांदा वाटलं की ही दोघंही एक डबल्सची जोडीच होती.

तेव्हा मंडळी, सबमिशन संपल्यावर पुठ्ठा, कात्री आणि दोन फासे घेऊन बसा. आणि मोठा फासा पडला की उचलण्याआधी पार्टनरला एवढंच विचारा, "तुला लागणार आहे का रे?"