दिव्याचा खांब आणि वायफाय

२०१६ साली 'स्मार्ट सिटी' योजनेच्या पहिल्या २० शहरांत आपल्या बेळगावची निवड झाली. रस्त्यावर वायफाय द्यायचे, तर यंत्र बसवायला दिव्याचा खांब सोयीचा. उंची आहे, वीजही आहे. पण अनेक रस्त्यांवर साऱ्या ओळीचे दिवे एकाच पेटीतून सकाळी बंद होतात. मग नेमके शाळेच्या वेळी यंत्राला वीज कोठून मिळणार?

एक उपाय म्हणजे रात्री चार्ज होणारी बॅटरी. दुसरा, प्रत्येक दिव्याला उजेड ओळखणारा स्वतंत्र स्विच. मग दिवा विझला तरी तारेत चोवीस तास वीज राहते. यात सोय आहे, तसा धोकाही आहे.

विद्यार्थी मित्रांनो, बेळगाव असो वा निपाणी, दिवा बंद म्हणजे वीज बंद असे आपण समजू नये. पावसात खांबाला हात लावू नका. उघडी पेटी दिसल्यास पालकांनी पालिकेला कळवावे, ही आमची विनंती.