आजाराला मार्चअखेर नसते

राजस्वाच्या तासाला सरांनी फळ्यावर 'अनुदान' या शब्दाची व्याख्या लिहून दिली होती. वरच्या सरकारने खालच्या सरकारला किंवा एखाद्या संस्थेला ठरावीक कामासाठी दिलेली, परत न घ्यावयाची रक्कम म्हणजे अनुदान. सर्वांप्रमाणे मीही ती वहीत उतरवून घेतली. त्या व्याख्येचा आमच्या घराशी काही संबंध असेल, असे तेव्हा मनातही आले नाही.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. माझे चुलते, आप्पा, कळंब तालुक्यातील अनेकांप्रमाणे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास चुलतीसह ऊसतोडीला जात. दोन वर्षांपूर्वी गावात आरोग्य शिबिर भरले, तेव्हा त्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला. कार्ड मिळाले, महिन्याच्या गोळ्याही मिळाल्या. पुढे टोळी कारखान्यावर गेली, गोळ्या संपल्या, आणि पौषात उसाच्या फडातच आप्पांची उजवी बाजू लुळी पडली. दवाखान्याच्या खर्चापायी मुकादमाची उचल दुप्पट झाली. चुलती म्हणते, "गोळ्या सरल्या, डोकं बी दुखत नव्हतं. मग कुणाला इचारायचं?"

तिचे काय चुकले? हिवताप गोळ्यांनी बरा होतो, हे आपल्या समाजाला ठाऊक आहे. रक्तदाब आणि मधुमेह यांची रीत निराळी आहे. ते दुखत नाहीत, बरे होत नाहीत. केवळ आटोक्यात राहतात. त्यांवरचा उपचार म्हणजे एक दिवसाचे शिबिर नव्हे, तर दरमहा न चुकता हाती पडणारी गोळी होय.

मग पैसा नाही म्हणून हे घडते काय? तसे म्हणवत नाही. असंसर्गजन्य रोगांसाठी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० सालापासून आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या खर्चात केंद्र व आपले राज्य यांचे प्रमाण ६०:४० असे आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर ७०,०५१ कोटी रुपयांच्या अनुदानाची शिफारस केली. २०१८ साली निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत आपल्या जिल्ह्याचेही नाव आहे.

माझ्या मते अडचण अनुदानाच्या स्वभावात आहे. अनुदानाचा हिशेब वर्षाचा असतो. इमारतीचे बिल जोडता येते, यंत्राची पावती फाइलला लावता येते, शिबिरात किती जण तपासले तो आकडा लिहिता येतो. परंतु त्यांपैकी सहा महिन्यांनी किती जण गोळी घेत आहेत, हा आकडा कोणी मागितला नाही, तर तो कोणी ठेवतही नाही.

तो आकडा ठेवला तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २०१७ साली 'भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम' सुरू झाला. त्याला सरकारी पैशाबरोबर परदेशी संस्थेचेही अर्थसाहाय्य होते. महाराष्ट्रात आरंभी सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा व भंडारा हे जिल्हे घेतले गेले. त्यात नवे यंत्र नव्हते की मोठी इमारत नव्हती. मोजकीच औषधे व ती देण्याचा एकच ठरलेला क्रम, साठा न संपू देणे, परिचारिकेला कामात वाटा, गोळ्या घराजवळच्या उपकेंद्रात, आणि न आलेल्या रुग्णाचा शोध, एवढीच त्याची कृती. यशाची मोजणी 'किती तपासले' यावर नव्हे, तर 'किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आला' यावर होती. २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रसंघाचा पुरस्कार मिळाला.

आपल्या जिल्ह्यालाही ही वाट अनोळखी नाही. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच स्त्रियांना शिकवून 'भारतवैद्य' म्हणून उभे केले. डॉक्टर शहरात परततो, पण गावची बाई गावातच राहते, हे त्यामागचे साधे सत्य. आज आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा तक्ता भरतात. कोणाला रक्तदाब आहे, हे त्यांना ठाऊक असते. कोण ऊसतोडीला निघाले, हेही ठाऊक असते. या दोन याद्या एकत्र मात्र कोणी करीत नाही.

म्हणून मित्रहो, माझी एक सूचना आहे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने यंदा दत्तक गावात दसऱ्यापूर्वी आशाताईंबरोबर बसून ही एकत्र यादी करावी. टोळी निघण्यापूर्वी प्रत्येक रुग्णाला जास्तीत जास्त दिवस पुरतील एवढ्या गोळ्या मिळाव्यात, आणि तो ज्या कारखान्यावर जाणार तेथील जवळच्या आरोग्य केंद्राचे नाव त्याच्या कार्डावर लिहून द्यावे. गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजार रुपयांचा अबंधित निधी ठरलेला आहे. त्यातून वह्या आणि फोनचा खर्च सहज भागावा. ग्रामसभेत तसा ठराव मांडायला आपल्याला कोण अडवणार आहे?

आप्पा आता ओट्यावर बसून असतात. गोळीची वेळ झाली की डाव्या हाताने खूण करून पाणी मागतात. आता त्यांची गोळी एकही दिवस चुकत नाही.