आईच वाढीच्या वयात असेल तर…

सोळा-सतरा वर्षांच्या मुलीची स्वतःची हाडे आणि कटिभाग अजून वाढत असतात. त्यात दिवस गेले, की तेच लोह, कॅल्शियम आणि प्रथिने दोघांत वाटली जातात. मुळात रक्तक्षय असेल तर बाळाच्या वाट्याला आणखी कमी येते.

म्हणूनच अशा मातांची बाळे ३७ आठवडे भरण्याआधी जन्मण्याचा, वजन अडीच किलोपेक्षा कमी भरण्याचा धोका जास्त असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगावर चरबी कमी, त्यामुळे ते लवकर गार पडते. चोखण्याची ताकद कमी असते, जंतुसंसर्गही पटकन होतो.

मात्र धोका म्हणजे अटळ भवितव्य नव्हे. गरोदरपणाची लवकर नावनोंदणी, नियमित तपासणी, लोहाच्या गोळ्या, रक्तदाबावर लक्ष आणि दवाखान्यात बाळंतपण यांनी तो कमी होतो. जन्मानंतर बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरावे, तासाभरात अंगावर पाजावे. दवाखान्यातील बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी आशाताई घरी येतात. बाळ दूध ओढेना, गार लागले, श्वास भरभर घेऊ लागले, तर थांबू नये; लगेच दवाखाना गाठावा.

या धोक्याचे मूळ लवकर होणाऱ्या लग्नांत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. आईवडिलांनी ऊसतोडीला जाताना मुलीला मागे कुठे ठेवायचे, या काळजीपोटीही लग्ने उरकली जातात. त्या मुलीला वसतिगृह आणि शाळा मिळणे हीसुद्धा नवजात बाळाची आरोग्यसेवाच आहे.